वृद्धांच्या घरी जाणाऱ्या केअरटेकरच्या कामाची वेळ मोजायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमची संस्था वृद्धांच्या घरी केअरटेकर पाठवते. काही घरी दिवसातून एक-दोन भेटी, काही घरी बारा तासांची ड्युटी, तर काही ठिकाणी चोवीस तास राहणारी व्यक्ती. माणूस उशिरा येतो, लवकर निघून जातो अशा कुटुंबांच्या तक्रारी वाढल्यात, म्हणून मोबाइल ॲपवरून लोकेशनसह हजेरी घ्यायचा विचार चालू आहे. केअरटेकर नाराज आहेत आणि दोघींनी लोकेशन द्यायला साफ नकार दिलाय. पद्धत कोणती घ्यावी, पगार मिनिटांशी जोडावा का, आणि नकार देणाऱ्यांचं काय करावं, हे तुम्हाला हवंय.

मी आधी बरीच वर्षं रुग्णाच्या उशाशी काम केलं, मग ड्युट्या लावल्या, आणि आता संस्थांना अशा नोंदपद्धती बसवून देते. माझं मत आधीच सांगून टाकते. डिजिटल नोंद जरूर घ्या. मात्र पहिले दोन-तीन महिने तिचा उपयोग केअरटेकरला तपासायला करू नका, तुमचं वेळापत्रक तपासायला करा. उशिरा येणं आणि लवकर निघणं यांचा बराच मोठा भाग ऑफिसात बसून आखलेल्या तक्त्यातच तयार होतो. तक्ता आखणाऱ्याला तो दिसत नाही आणि दार उघडणाऱ्या कुटुंबाला फक्त घामाघूम झालेली केअरटेकर दिसते.

आकडे सोयीसाठी घेऊन हिशोब मांडते. एका केअरटेकरला दिवसात ४५ मिनिटांच्या पाच भेटी आहेत. म्हणजे घरात घालवलेला वेळ २२५ मिनिटं, पावणेचार तास. दोन घरांमधलं अंतर सरासरी २० मिनिटांचं धरलं तर चार प्रवासांची ८० मिनिटं झाली. दुपारी दोन भेटींच्या मध्ये दीड तासाची पोकळी आहे, तेवढ्यात घरी जाऊन येता येत नाही. सगळं मिळून ३९५ मिनिटं, म्हणजे साडेसहा तासांहून थोडं जास्त. तिला पैसे मात्र पावणेचार तासांचे मिळतात. ताशी १०० ठरलेले असतील तर प्रवास धरल्यावर तिच्या हातात तासाला ७४ च्या आसपास पडतात, आणि ती पोकळी धरली तर ५७. आता तक्त्यात प्रवासासाठी २० ऐवजी १० मिनिटं लिहिली असतील, आणि मी असे तक्ते खूप पाहिलेत, तर ही बाई दुसऱ्या घरी १० मिनिटं उशिरा, तिसऱ्या घरी २० मिनिटं उशिरा पोहोचणारच. उशीर भरून काढायला ती मधल्या एखाद्या घरातून लवकर निघेल. तुमच्याकडे येणाऱ्या दोन्ही तक्रारी इथूनच निघतात.

म्हणून ॲपने पहिल्या दिवसापासून प्रवासाचा वेळ नोंदवला पाहिजे. ‘घरात शिरली’ आणि ‘घरातून निघाली’ एवढंच नोंदवणारी पद्धत घेतलीत, तर तिच्या दिवसाचा जवळपास निम्मा भाग नोंदीत येणारच नाही. जे नोंदीत नाही ते पगारात येत नाही आणि नियोजनातही येत नाही. युरोपात या मुद्द्यावर न्यायालयापर्यंत भांडणं गेलेली आहेत. ज्यांना ठरलेलं कामाचं ठिकाण नाही, त्यांचा घरापासून पहिल्या ग्राहकापर्यंतचा आणि शेवटच्या ग्राहकापासून घरापर्यंतचा प्रवास हा कामाचा वेळ धरावा, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने १० सप्टेंबर २०१५ रोजी दिला. तो खटला स्पेनमधल्या सुरक्षा उपकरणं बसवणाऱ्या तंत्रज्ञांचा होता, पण दारोदार जाऊन काम करणाऱ्या सगळ्यांनाच त्याचा आधार मिळाला. ब्रिटनमध्येही किमान वेतनाच्या हिशोबात एका भेटीहून दुसऱ्या भेटीकडे जाण्याचा वेळ धरावा लागतो. तुमच्या देशातला नियम काय म्हणतो ते कामगार कायद्याच्या जाणकाराला जरूर विचारा. पण नियम काहीही असो, नियोजनासाठी तरी तो वेळ मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता किती आणि काय नोंदवायचं. सॉफ्टवेअर विकणारे वीस-पंचवीस रकाने दाखवतात. अमेरिकेत सरकारी पैशातून मिळणाऱ्या घरच्या सेवेसाठी इलेक्ट्रॉनिक भेट-पडताळणी बंधनकारक आहे. २०१६ च्या ‘एकविसाव्या शतकातील उपचार कायद्या’ने मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या, वैयक्तिक सेवेसाठी १ जानेवारी २०१९ (नंतर वाढवून १ जानेवारी २०२०) आणि घरच्या आरोग्यसेवेसाठी १ जानेवारी २०२३ ही मुदत ठरवून दिली. एवढ्या मोठ्या व्यवस्थेनेही सहाच गोष्टी मागितल्या: कोणती सेवा, कोणाला, कोणत्या तारखेला, कुठे, कोणी, आणि सुरुवात व शेवट किती वाजता. जीपीएस वापराच असं त्या कायद्यात कुठेही नाही. उलट पद्धत कमीत कमी त्रासाची असावी, अशी अट आहे. या सहांत मी दोनच गोष्टी वाढवते. एक प्रवासाची सुरुवात, आणि दुसरी ‘वेळ बदलण्याचं कारण’. कारणासाठी सहा-सात तयार बटणं पुरतात: रुग्णाने थांबवलं, रुग्णाने लवकर पाठवलं, तब्येत बिघडली, दार उघडलं नाही, रस्त्यात अडकले, रिलिव्हर (पुढच्या पाळीची केअरटेकर) आली नाही, इतर. टाइप करायला लावू नका. हातात ओले हातमोजे असतात, समोर माणूस बाथरूममध्ये उभा असतो.

तंत्राबद्दल. चार-पाच मार्ग उपलब्ध आहेत आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

मोबाइलचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. इमारतीत, दाट वस्तीत, तळघरात ते कितीतरी भरकटतं, आणि मजला तर सांगतच नाही. त्यामुळे एकाच इमारतीत दोन रुग्ण असतील तर ती नेमकी कोणाकडे होती हे जीपीएसवरून ठरवू नका. ज्याच्या आतून हजेरी बरोबर धरायची ते घराभोवतीचं वर्तुळ २० मीटरचं ठेवलंत तर रोज दहा खोटे इशारे येतील. दाट वस्तीत १०० ते १५० मीटर ठेवावं, आणि वर्तुळाबाहेरून आलेली नोंद नाकारू नये, फक्त खूण करून घ्यावी. ॲपने नोंद नाकारली की केअरटेकर दाराबाहेर फोन वर धरून उभी राहते आणि आत आजोबा एकटे उठायचा प्रयत्न करतात. असलं ॲप फुकट मिळालं तरी घेऊ नका.

एनएफसीचा छोटा टॅग घरात ठेवणं मला जास्त पटतं. फोन अगदी जवळ, काही सेंटीमीटरवर नेल्याशिवाय तो वाचला जात नाही, म्हणून व्यक्ती घरात होती हे त्यातून बऱ्यापैकी सिद्ध होतं आणि तिचं लोकेशन मात्र कुणी साठवत नाही. टॅग भिंतीवर चिकटवू नका. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती तो खरवडून काढते, फेकून देते. सेवेच्या फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर लावा, म्हणजे फाइल उघडली की दोन्ही कामं होतात. क्यूआर कोड स्वस्त आहे, पण त्याचा फोटो काढून कुठूनही स्कॅन करता येतो. तोच घ्यायचा असेल तर ठरावीक वेळाने बदलणारा कोड दाखवणारं उपकरण लागेल. ज्या घरात लँडलाइन आहे तिथे त्या फोनवरून ठरलेल्या नंबरला कॉल करून हजेरी लावण्याची जुनी पद्धत अजूनही चांगली चालते. स्मार्टफोन न वापरणाऱ्या केअरटेकरसाठी ती वरदान आहे.

बोटाचा ठसा आणि चेहरा नको, हे माझं ठाम मत. सतत हात धुऊन, सॅनिटायझर लावून या बायांच्या बोटांची कातडी कोरडी पडते, रेषा पुसट होतात आणि यंत्र ठसा घेत नाही. शिवाय शरीराची खूण एकदा बाहेर गेली की पासवर्डसारखी बदलता येत नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये क्रीडा केंद्रं चालवणाऱ्या एका कंपनीला हजेरीसाठी चेहरा आणि ठसे वापरणं थांबवायला लावलं. हजेरीसाठी ओळखपत्र किंवा कार्डासारखे कमी आक्रमक मार्ग उपलब्ध असताना याची गरज सिद्ध होत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. आपल्या कामालाही तो जसाच्या तसा लागू पडतो.

काहीही घ्या, इंटरनेट नसताना नोंद फोनमध्ये साठली पाहिजे आणि नेटवर्क मिळाल्यावर मूळ वेळेसकट वर गेली पाहिजे. विक्रेत्यासमोरच फोन विमान मोडवर टाका, नोंद करा, अर्ध्या तासाने नेट चालू करा आणि वेळ कोणती दिसते ते पाहा. नेट आल्याची वेळ दिसली तर ती पद्धत तुमच्या कामाची नाही. दुसरी परीक्षा राउंडिंगची. पुष्कळ पगार-प्रणाली वेळ जवळच्या १५ मिनिटांवर नेऊन बसवतात. ८:५३ ला आलेली केअरटेकर ९:०० ला आली असं दिसतं आणि १०:०७ ला निघालेली १०:०० ला. एका भेटीत १४ मिनिटं गेली. दिवसात चार-पाच भेटी, महिन्यात पंचवीस दिवस, असा गुणाकार करून पाहा. नोंद मिनिटाची ठेवा. पगारासाठी पूर्णांकात आणायचीच असेल तर दिवसाच्या बेरजेवर आणा, आणि ती नेहमी कर्मचाऱ्याच्या बाजूने.

आता सवलतीच्या वेळेकडे येते, कारण कुटुंबांच्या तक्रारींवरचं खरं उत्तर इथे आहे. उशिरा म्हणजे किती उशिरा? सगळ्या घरांना एकच ‘१५ मिनिटं चालतील’ हा नियम लावणं चुकीचं आहे. पार्किन्सन असलेल्या माणसाची लेवोडोपाची गोळी चुकली तर त्याचं अंग आखडतं, बोलणं-गिळणं जड होतं, पुढचा पूर्ण दिवस विस्कटतो. ब्रिटनमध्ये आरोग्य आणि सेवेचं मार्गदर्शन ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या दर्जा-मानकात रुग्णालयात आणि वृद्धसेवा केंद्रात ही गोळी ठरलेल्या वेळेच्या ३० मिनिटांच्या आत मिळावी असं म्हटलंय. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांचं तेच. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही आणि रात्रीनंतर कोणी हलवलेलंच नाही, त्यांच्यासाठी सकाळचा एक तास म्हणजे पाठीवर जखम. याउलट घर आवरून देणं, फिरायला नेणं, सोबत बसणं, यात पाऊण तास इकडे-तिकडे झाला तर फोन करून कळवलं की पुरतं. तेव्हा प्रत्येक भेटीवर खूण करा: वेळेला बांधलेली, किंवा वेळेत लवचिक. वेळेला बांधलेल्या भेटी आधी लावा, त्यांच्या आधीचा प्रवास सैल ठेवा, बाकीच्या भेटी त्यांच्याभोवती बसवा. एवढं केलं तरी निम्म्या तक्रारींची धार जाते, कारण कुटुंबाला खरी भीती गोळी चुकण्याची असते.

नोंदी गोळा व्हायला लागल्या की त्या वाचायच्या कशा, हा या कामाचा गाभा आहे आणि बहुतेक संस्था इथेच घसरतात. महिन्याच्या शेवटी नावांची यादी निघते, कोण किती वेळा उशिरा आलं याची, आणि वरच्या पाच जणींना बोलावून घेतलं जातं. अशी यादी काढूच नका. तोच डेटा तीन प्रकारे मांडा. पहिल्यांदा घरानुसार: या घरी जाणाऱ्या वेगवेगळ्या केअरटेकरना प्रत्यक्ष किती वेळ लागतो? ४५ मिनिटांच्या भेटीला तिघींपैकी तिघींना ६० लागत असतील तर ती भेट ६० मिनिटांचीच आहे. रुग्णाची अवस्था बदलली असेल, वजन वाढलं असेल, आता बाथरूमपर्यंत नेताना दोनदा बसवावं लागत असेल. ते कुटुंबाशी बोलून, पुन्हा घर पाहून, करारात बदलायचं. नंतर वाटेनुसार: अमुक घरातून तमुक घरी जाताना सगळ्यांनाच उशीर होतो का? होत असेल तर प्रवासाचा आकडा चुकलाय. आणि सगळ्यात शेवटी व्यक्तीनुसार: जिथे इतरांना पूर्ण वेळ लागतो अशा सगळ्या घरांतून एकच व्यक्ती सातत्याने लवकर निघते का? तेव्हा, आणि तेव्हाच, तिच्याशी बोलायचं. बोलतानाही आधी विचारायचं. मुलाची शाळा, शेवटची बस, दुसरी नोकरी, पाठदुखी, यातलं काहीतरी बहुधा असतं आणि वेळापत्रक थोडं हलवून ते सुटतं. कामचुकारपणा असतोच नाही असं मी म्हणत नाही. पण या क्रमाने गेलात की तो वेगळा उठून दिसतो आणि मग निर्णय घेताना मनात शंका राहत नाही.

सरासरी घेण्यापेक्षा मधला आकडा पाहा. एखाद्या दिवशी रुग्ण पडला, केअरटेकर रुग्णवाहिका येईपर्यंत तीन तास थांबली, तर सरासरी बिघडते. नोंदी चढत्या क्रमाने लावून बरोबर मधली घेतली की त्या घराचा नेहमीचा दिवस दिसतो. आणि फार सुबक नोंदींवर जास्त लक्ष ठेवा. महिनाभर रोज ९:०० ते ९:४५ असं दिसत असेल तर ती खरी वेळ नाही, कोणीतरी मागाहून भरलेली वेळ आहे. एका घरातून १०:०० ला निघून चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या घरात १०:०१ ला शिरल्याची नोंद असेल तरी तेच. अशा नोंदी बऱ्याचदा केअरटेकरच्या नसून ऑफिसातल्या दुरुस्तीच्या असतात. म्हणून मूळ नोंद कधीही पुसली जाता कामा नये. दुरुस्ती तिच्या शेजारी दिसावी, कोणी केली, कधी केली, का केली यासकट. कोणत्या सुपरवायझरच्या हातून किती दुरुस्त्या होतात हेही दर महिन्याला पाहा. पगार कापले गेल्याचे मला माहीत असलेले वाद बहुतेक इथूनच सुरू झालेत.

पगाराचा प्रश्न. झालेला प्रत्येक मिनिट मोजून तेवढेच पैसे, असं करू नका. ऐकायला ते न्याय्य वाटतं. पण वृद्धाच्या घरात वेळ सरळ रेषेत जात नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या आजी आंघोळीला नाही म्हणतात. चांगली केअरटेकर पंधरा मिनिटं दुसरंच काहीतरी करते, गप्पा मारते, मग पुन्हा विचारते आणि आजी आनंदाने उठतात. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला भरवताना प्रत्येक घासानंतर थांबावं लागतं. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. मिनिटांवर पैसे लावले की एक तर काम ताणलं जातं, किंवा, तुम्ही ठरवलेल्या वेळेपुढचे पैसे देत नसाल तर, घास भराभर भरवले जातात. नाइसच्या २०१५ च्या मार्गदर्शनात अर्ध्या तासापेक्षा छोट्या भेटी फक्त काही अटींवरच ठेवाव्यात असं म्हटलंय: केअरटेकर ओळखीची असावी, ती भेट मोठ्या सेवेचा भाग असावी, आणि ठरावीक छोटं काम किंवा माणूस सुखरूप आहे का एवढं पाहणं त्यात पूर्ण होत असावं. बोलायला आणि प्रवासाला पुरेसा वेळ करारातच असावा, हेही तिथे सांगितलंय.

मी संस्थांना सुचवते ते असं. ठरलेल्या भेटीचा पूर्ण मोबदला किमान म्हणून द्यायचा. रुग्णाने किंवा कुटुंबाने लवकर जायला सांगितलं, दार उघडलं नाही, ऐनवेळी भेट रद्द केली, तरी तो द्यायचा. वेळ जास्त लागला आणि कारणाचं बटण दाबलं असेल तर जास्तीचे पैसे त्याच महिन्यात, न मागता. प्रवास पगारी. मधल्या पोकळीपैकी जिथे तिला खरोखर मोकळं होता येत नाही तेवढी पोकळी पगारी, किंवा निदान तिचा ठरावीक भत्ता. आणि उशिराबद्दल दंड नाही. दंड लावलात की उशीर कमी होत नाही, उशिराच्या नोंदी कमी होतात. हे पैसे कुठून आणायचे, असं तुम्ही विचाराल. सेवेच्या दरातून. ४५ मिनिटांचे पैसे घेऊन ६० मिनिटांची सेवा आत्तापर्यंत केअरटेकरच्या खिशातून दिली जात होती, ते नोंदी समोर ठेवून कुटुंबाला सांगता येतं. आकडे पाहिल्यावर कुटुंबं पुष्कळदा समजून घेतात.

बारा तासांच्या ड्युटीबद्दल एवढंच सांगते की तिथली खरी अडचण रिलिव्हरची असते. रात्रीची आली नाही की दिवसाचीला निघता येत नाही आणि तिचे जादा तास कुणी लिहीत नाही. पाळी संपल्याची नोंद रिलिव्हर आल्याशिवाय होऊ न देणारी ॲप्स मी पाहिलीत. तसं नको. तिने आपली पाळी संपवावी, त्यापुढचा वेळ आपोआप जादा म्हणून चालू व्हावा आणि त्याच क्षणी ऑफिसला इशारा जावा.

चोवीस तास राहणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. तिथे आत-बाहेरची हजेरी मोजून काहीच कळत नाही, कारण ती सतत आतच असते. अमेरिकेतल्या त्या भेट-पडताळणीतूनही घरात राहणाऱ्या केअरटेकरना केंद्र सरकारने सक्तीतून वगळलंय. तिथे मोजायची ती विश्रांती. रात्री किती वेळा उठावं लागलं, सलग झोप किती मिळाली, दिवसात मोकळा वेळ कोणता आणि आठवड्याची सुट्टी खरंच मिळाली का. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या घरकामगारांबाबतच्या करारात, क्रमांक १८९, आठवड्यातून सलग किमान २४ तास विश्रांती सांगितली आहे आणि हाकेला हजर राहण्यासाठी थांबून राहिलेला वेळ देशाच्या कायद्यात ठरेल त्या मर्यादेत कामाचा वेळ धरायला सांगितलंय. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १९ डिसेंबर २०२४ ला आणखी एक पाऊल टाकलं: घरात कामाला ठेवणाऱ्या मालकांनाही कामाच्या वेळेची नोंद ठेवण्यातून सरसकट सूट देता येणार नाही. ती खटला लढणारी स्त्री घरकामगार होती, आणि नोंदच नसल्यामुळे आपले जादा तास तिला सिद्ध करता येत नव्हते. तुमच्याकडच्या राहत्या केअरटेकरसाठी एकच बटण ठेवा: ‘रात्री उठले’. दाबलं की वेळ पडते, बाकी काही विचारू नका. दोन आठवड्यांच्या नोंदीत रात्री चार-चार वेळा उठणं दिसलं तर त्या घराला एका माणसाची नाही, दोन पाळ्यांची गरज आहे. दमलेल्या बाईच्या हातून औषधाची मात्रा चुकण्याआधी हे कळलेलं बरं.

या सगळ्या यंत्रणेत जीव वाचवणारी एक गोष्ट आहे आणि तिची चर्चा सगळ्यात कमी होते. ठरलेल्या वेळेनंतर १५-२० मिनिटांत हजेरी पडली नाही, तर ऑफिसातल्या प्रत्यक्ष माणसाला इशारा गेला पाहिजे आणि त्याने फोन उचलून आधी केअरटेकरला, मग त्या घरी विचारलं पाहिजे. एकट्या राहणाऱ्या वृद्धाकडे केअरटेकर पोहोचलीच नाही हे संध्याकाळी कळणं, याहून वाईट या कामात काही नाही. तसंच उलटं: भेट संपून बराच वेळ झाला आणि निघाल्याची नोंद नाही, तर ती बाई अनोळखी घरात एकटी आहे, तिलाही फोन करा. पण हा इशारा रविवारी, सणाच्या दिवशी, पहाटे साडेसहालाही कोणीतरी ऐकणार असेल तरच चालू करा. इशारा आहे म्हणून कुटुंब निर्धास्त झालं आणि पलीकडे कोणीच नाही, ही अवस्था इशारा नसण्यापेक्षा धोक्याची आहे.

ज्यांच्या घरात हे सगळं चालतं त्या वृद्धांना कोणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. भेटींचं वेळापत्रक म्हणजे एक अशक्त माणूस घरात नेमका कधी एकटा असतो याची यादी असते. त्यासोबत दाराचा कोड किंवा किल्ली कुठे ठेवलीय हेही त्याच ॲपमध्ये लिहिलेलं असतं. ही माहिती फुटली तर काय होईल याचा विचार करून कोणाला काय दिसावं ते ठरवा. केअरटेकरला फक्त त्या दिवशीची घरं दिसावीत, दाराचा कोड फक्त भेटीच्या आसपास. नोकरी सोडलेल्या व्यक्तीचा प्रवेश त्याच दिवशी बंद. कुटुंबाला आल्या-गेल्याची वेळ आणि झालेली कामं दिसावीत. केअरटेकर आत्ता रस्त्यात कुठे आहे हे नकाशावर दाखवू नका. दूर राहणारी मुलं तो नकाशा दिवसभर उघडून बसतात आणि ती जरा थांबली की फोन करतात. आणि आजी-आजोबांना सांगा की फोन फाइलला लावला की तुमच्या घरी आल्याची नोंद होते. त्यांचं भान शाबूत असेल तर त्यांची संमती घ्या. ते घर त्यांचं आहे.

आता त्या दोघींकडे येते. लोकेशन नाकारणारी बाई कामाची नोंद नाकारतेय असं धरून चालू नका. मला या नकारामागे दिसलेली कारणं साधी असतात. फोन स्वतःचा आहे, घरात तो मुलंही वापरतात. बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. काम संपल्यावरही मालकाला आपण कुठे आहोत ते दिसत राहील ही भीती. काहींना घरातल्याच किंवा सोडून आलेल्या माणसापासून आपला ठावठिकाणा लपवायचा असतो, आणि हे कारण ती तुम्हाला कधीच सांगणार नाही. त्यामुळे कारण वदवून घ्यायच्या मागे लागू नका. त्यांना टॅगचा पर्याय द्या, लोकेशन पूर्ण बंद ठेवून. शक्य असेल तर संस्थेचा फोन द्या, नाहीतर फोन आणि डेटाचा खर्च द्या. लोकेशन वापरायचंच असेल तर आल्याच्या आणि निघाल्याच्या दोनच क्षणी घ्या, मधला मार्ग साठवू नका. पडताळणी झाली की ते बिंदू पुसा. कामाच्या वेळा मात्र कायदा सांगेल तितकी वर्षं ठेवा, त्या तिच्याही पुराव्याच्या आहेत.

सगळ्यांनाच ॲप चालू करण्याच्या आधी लेखी पत्र द्या, त्यांच्या भाषेत, एका पानाचं. वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखवा. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात कर्मचाऱ्यावर लक्ष ठेवण्याआधी काय पाहावं हे सांगितलं होतं: आधी स्पष्ट कल्पना दिली होती का, पाळत किती खोलवर होती, कारण काय होतं, कमी आक्रमक मार्ग होता का, त्या माहितीचे कर्मचाऱ्यावर काय परिणाम झाले. हेच प्रश्न घेऊन पत्र लिहा. काय नोंदवतो, काय नोंदवत नाही, कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, पगारावर काय परिणाम होईल, चूक झाली तर कोणाला सांगायचं आणि ती किती दिवसांत दुरुस्त होईल. प्रत्येकीला आपली नोंद आपल्याच फोनवर पाहता आली पाहिजे आणि तिथूनच दुरुस्ती मागता आली पाहिजे. एका छोट्या गटापासून सुरुवात करा, पगाराच्या एका पूर्ण चक्रात कागद आणि ॲप दोन्ही चालवा, आणि त्या काळात कोणाचाही पगार फक्त ॲपच्या आधारावर कापू नका. त्या दोघींना या पहिल्या गटात घ्या, त्यांची इच्छा असेल तर. ज्या अडचणी त्या काढतील त्या बाकीच्यांनाही असतील, फक्त त्या बोलून दाखवत नसतील. टॅग, संस्थेचा फोन, लँडलाइन हे सगळे पर्याय देऊनही एखादी कोणत्याच प्रकारे वेळ नोंदवायला तयार नसेल, तर मग तो शिस्तीचा प्रश्न होतो आणि तो नेहमीच्या नियमांनी, तिचं म्हणणं लेखी घेऊन सोडवा. माझ्या अनुभवात तिथपर्यंत क्वचितच जावं लागतं. पहिल्या महिन्याच्या पगारात प्रवासाचे आणि जादा थांबल्याचे पैसे वेगळ्या ओळीत छापून आले की केअरटेकर स्वतःहून टॅग लावायला विसरत नाहीत.